एक चैत्र बिगरनारूचा

आमच्या गावात कुणी कुणाला ‘कसं काय’ म्हणून विचारत नसे. ‘सुटला का?’ म्हणून विचारत. समोरचा ‘सुटला’ म्हणाला, की त्याचं बरं चाललं आहे असं समजायचं. ‘डोकावून राहिला’ म्हणाला, की चार दिवसांनी पुन्हा विचारायचं.

हे सगळं नारूबद्दल. नारू म्हणजे सुतासारखा पांढरा जंत, हात-दीड हात लांब. चैत्र लागला की तो माणसाच्या पायातून बाहेर यायला बघायचा. आधी फोड, मग आग, मग फोडातून एक टोक. ते टोक तुरीच्या काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढायचं. घाई केली की नारू तुटतो, आणि तुटला की पायाचा भोपळा होतो. म्हणून आमच्या गावात चैत्र-वैशाखात कुणालाच घाई नसे. शेजारच्या साखरा गावाकडून येणारे जाणारे म्हणायचे, हे गाव फार शांत आहे.

तब्येतीचं मापही ठरलेलं होतं. एक नारू असला तर माणूस धडधाकट. दोन असले तर जरा नरम. तीन असले तर त्याला खळ्यावर बोलवायचं नाही, पंगतीला मात्र बोलवायचं. एका वर्षी आमच्या आळीतल्या ग्यानबाला नारूच झाला नाही. त्याची बायको डोळ्याला पदर लावून आमच्या घरी आली.

“यांच्या अंगात काय बिघाड झाला वं सखुबाई? नारूसुद्धा थांबंना.”

सखुबाई म्हणजे माझी माय. नारू गुंडाळावा तर तिनंच. तिच्या हातून काडी फिरताना नारूला कळतही नसे की आपण घर सोडून चाललो आहोत. तिनं ग्यानबाच्या बायकोला धीर दिला, “देव हाय. पुढल्या साली व्हईल.” पुढल्या साली ग्यानबाला दोन झाले आणि त्याच्या घरी पुरण शिजलं.

माझं लग्न माघात झालं. गावातली सगळी लग्नं माघ-फाल्गुनातच उरकायची रीत होती; चैत्रात नवरदेव घोड्यावर बरा दिसतो, पण खाली उतरला की पंचाईत. माझे सासरे उत्तमराव गोरेगावच्या बाजारात बैलांचे दलाल. दात, खूर आणि चाल बघून ते बैलाचा जन्म सांगायचे. मला बघायला आले तेव्हा कुळ-शील काही विचारलं नाही. म्हणाले, “जावईबापू, जरा त्या लिंबापोतर जाऊन या बरं.” मी गेलो आणि आलो. पौष महिना होता. सोयरीक जमली.

शालू आली त्या दिवशी तिनं बारवेला पाय दाखवले. ही आमच्याकडची रीत. बारव म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी थेट पाण्यात उतरणारी विहीर. नवी नवरी आली की तिनं शेवटच्या पायरीवर घोट्याइतक्या पाण्यात उभं राहायचं, बारवेची ओटी भरायची, त्याच पाण्याची एक ओंजळ प्यायची आणि मग घागर बुडवायची. नव्या पायानं पाणी गोड होतं असं सगळ्या बाया सांगायच्या. शालू पाण्यात उतरली आणि ओरडली, “अगं माय, पाय कापून राहिलं हे पाणी!” बाया खदखदून हसल्या. त्या दिवसापासून ती त्यांची झाली.

नंतर ती माझीही झाली, पण बारवेवरून वेळ उरला तर. पाणी आणायला जाई ती सकाळी आणि घागर घरी पोचेपर्यंत ऊन ओसरीवर चढलेलं असे. पायऱ्यांवर बाया ओळीनं बसत. कुणाची सासू, कुणाचं दुखणं, कुणाची गाय, सगळं तिथं निघे. मी म्हणायचो, “तू पाणी आणायला जाते का कचेरीला?”

ती म्हणायची, “कचेरीतून कुणी हसत येतं का? मी येते का न्हाई?”

येत असे, हे खरं.

पुढल्या सालच्या चैत्रात तिच्या उजव्या घोट्यावर फोड आला. आळीतल्या बाया हळदीकुंकवाला यावं तशा बघून गेल्या. “आता खरी आपल्या गावची झाली,” म्हणाल्या. माय रोज सकाळी तिचा पाय मांडीवर घेऊन बसे आणि काडीला थोडा थोडा वेढा देई. मी समोर बसून असे. अर्धा नारू निघाला होता. मग एके सकाळी शालू भरली घागर घेऊन शेवाळलेल्या पायरीवरून घसरली आणि नारू आत तुटला.

पाय मांडीएवढा झाला. तापानं ती मला ओळखेना. माझ्याकडं बघून “दादा, बैलाला पाणी दावा,” म्हणाली. गोरेगावला सांगावा गेला. उत्तमराव गाडी घेऊन आले. त्यांनी पहिल्यांदाच आमचं गाव चैत्रात बघितलं. वेशीपासून आमच्या घरापर्यंत त्यांना जो भेटला तो लंगडत भेटला. पाटील लंगडत, कोतवाल लंगडत. रामराम घालायला आलेला ग्यानबा तर दोन्ही पायांनी.

उत्तमराव ओसरीवर बसले नाहीत. पोरीला उचलून गाडीत निजवलं आणि मला म्हणाले, “जावईबापू, मला लंगडा बैल कुणी आजवर इकला न्हाई. तुमी सगळा कळप इकला.”

मी म्हणालो, “मामा, ती बरी झाली की धाडून द्या. आमी पाणी गाळून देऊ.” पाण्यावरून होतं असं मी तेव्हा नुसतं ऐकून होतो.

“पोरगी काय घरातच पाणी पिते? वावरात पिणार, बारशात पिणार, लग्नात पिणार. मला या गावचा एक चैत्र बिगरनारूचा दाखवा. मंग मीच पोरगी घिऊन येतो.”

गाडी गेली. मायनं शालूची तुरीची काडी, अर्धी गुंडाळलेली, कोनाड्यात कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली. मी म्हणालो, “फेक की.” ती म्हणाली, “अर्ध्यात हाय ते.”

मी कामाला लागलो. काम सोपं होतं: गावाला बरं करायचं. अडचण एवढीच, की गाव आजारी नव्हतं.

देवी टोचायला एक सरकारी माणूस यायचा, जलालुद्दीन. सगळे त्याला डागदर म्हणत आणि तो नको म्हणत नसे. त्याला बारा महिने पडसं. वैशाखातही गळ्याला मफलर. नारू पाण्यातून होतो हे पहिल्यांदा त्यानंच सांगितलं होतं, शिंकत. मी तातेराव पाटलांना गळ घातली, गाव लिंबाखाली जमवलं आणि जलालुद्दीनला ओट्यावर उभं केलं.

“देखो मियाँ,” तो म्हणाला, “नारूवाला आदमी पानी में पाँव रखता. कीड़ा पानी में अंडे छोड़ता. वो पानी तुम पीते. आज पिये सो पानी का नारू अगले साल निकलता. सीढ़ियाँ बंद करो, ऊपर से रहाट लगाव, बीमारी खतम.”

तातेराव पाटील पाय उशीवर ठेवून बसले होते. “बिमारी कुणाला?”

“सब को.”

“सगळ्यांलाच हाय तं मंग ती बिमारी कशी? बिमारी एकाला व्हते. बाकीचे बघायला जातात. सगळेच निजले तं बघायला कोण येईल?”

लोकांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही. मी म्हणालो, “जे धडधाकट हायत त्यांनी उभं राहावं.”

सगळं गाव उभं राहिलं. काही एका पायावर, काही शेजाऱ्याचा खांदा धरून, पण उभं राहिलं. पाटीलही उठायला लागले. दोघांनी धरून उठवलं.

जलालुद्दीन शिंकला.

“घ्या,” पाटील म्हणाले, “याला सर्दी निपटंना अन् आमाला तब्येत शिकवून राहिला.”

जलालुद्दीन नाक पुसून म्हणाला, “तुम्हारे गाँव में एक जगा नारू नहीं है. नाले के उधर की बस्ती में. मैं वहाँ भी सुई देता. एक के पाँव में भी नहीं.”

सगळ्यांच्या माना नाल्याकडं वळल्या. नाल्यापलीकडच्या वस्तीला बारवेत पाय ठेवायची बंदी होती. ते लोक नाल्याच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरत. वाळूतून गाळून येणारं पाणी. आम्ही त्यांना बारव बंद केली होती आणि नारूही त्यांच्याकडं गेला नव्हता. इतकी वर्षं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण त्यांच्या पायांकडं बघायची कुणाला गरज पडली नव्हती.

पाटील म्हणाले, “म्हंजे आमी आता त्यांच्यावानी पाणी प्यावं म्हणता?”

सभा तिथंच संपली. लोक लंगडत, पण ताठ मानेनं घरी गेले.

माय मला घरी आल्यावर बोलली. “बारव बुजवून आमी बोलायचं कुठं रं? चुलीपाशी?”

“माय, सून परत यायची हाय.”

“मला काय नको हाय का ती?” एवढं म्हणून ती चूल फुंकायला लागली. चूल पेटलेलीच होती.

मग मी दर बाजाराला गोरेगावला जायला लागलो. नुसतं बायकोला भेटायला गेलो असं दिसू नये म्हणून काहीतरी विकत घ्यायचो. बहुतेक वेळा कंदिलाची काच. तिकडं लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, त्यामुळं काच फुटायचं कारण नव्हतं. पण हातात काच धरलेला माणूस कामाचा वाटतो. घरात काचांची उतरंड लागली. माय बुडाला चिंधी कोंबून त्यांत तीळ, मोहरी, जवस भरून ठेवायची.

सासऱ्यांच्या ओट्यावर उत्तमराव आणि मी बसत असू. ते बैलांबद्दल बोलत. मी दाराकडं बघत असे. रीतीप्रमाणं जावयाला पाणी मिळे. शालू तांब्या घेऊन बाहेर येई, खाली बघत माझ्यापुढं ठेवी आणि आत जाई. दारापासून ओट्यापर्यंत दोन पावलं. दोन पावलांत माणसाची चाल कळत नाही. बांगड्या कोणत्या घातल्यात एवढंच कळतं. मी तांब्या रिकामा करी आणि म्हणे, “अजून जरा पाणी मिळंल का?”

ती पुन्हा येई.

एका बैठकीला मी चार तांबे प्यायचो. पाणी चांगलं होतं, आडाचं, वरून पोहऱ्यानं ओढलेलं. तिसऱ्या तांब्यापासून त्याची चव कळेनाशी होई. चौथ्याला मी डोळे मिटून घेई. वाटेत परतताना प्रत्येक बाभळीला मला थांबावं लागे.

उत्तमरावांना काळजी लागली. “जावईबापू, इतकी तहान बरी न्हाई. अशी तहान बैलाला लागली तं मी घेत न्हाई.”

“ऊन लई हाय मामा.”

“मार्गशीर्ष हाय.”

“मार्गशीर्षातलं ऊन बाधतं मला.”

आत बांगड्या वाजल्या. ती तोंडाला पदर लावून हसली असणार. मी पाचवा तांब्या मागितला.

एकदा दारात कुणी खोंड दाखवायला आणला आणि उत्तमराव त्याचे दात बघायला उठले. खोंड दात दाखवेना, हे त्याचे माझ्यावर उपकार. शालू चौकटीला धरून उभी राहिली.

“पाय बरा हाय का?” मी विचारलं.

“पाय बरा हाय. दिवस जात न्हाई.”

“काहून?”

“हितं परसात शेजारणींत मिळून एक आड. पोहरा सोडायचा, ओढायचा अन् निघायचं. कठड्याला टेकलं तं म्हणतात पडशील. बसायला जागाच न्हाई कुठं. पाणी लई चांगलं हाय, पण कुणी कुणाशी बोलत न्हाई त्याच्यापाशी.” तिची मनगटं बारीक झाली होती. बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. “तिकडं बाया काय म्हणतात?”

“विचारतात.”

“अन् आत्या?”

“माय विचारत न्हाई. तुझी काडी कोनाड्यात ठेवली हाय.”

ती थोडा वेळ चौकटीवरचा रंग नखानं खरवडत राहिली. मग म्हणाली, “बारव बुजवू नगा. नुसती पाण्यापाशी अडवा. पायऱ्या राहू द्या बसायला.”

तेवढ्यात उत्तमराव आले. खोंड परत चालला होता. ओट्यावर बसता बसता ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “पाय बरा झाला, पण पोरीचं खाणं तुटलं. बैलाचं असं झालं तं मी त्याचा गोठा बदलतो.” माझ्याकडं बघून त्यांनी पागोटं सारखं केलं. मग म्हणाले, “बैलाचं निराळं असतं.”

भिंत आरोग्यापायी झाली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भिंत झाली तातेराव पाटलांच्या धाकट्या पोरापायी. त्याच्यासाठी गोरेगावचीच एक मुलगी बघितली होती. मुलीच्या बापानं हुंडा, शेत, काहीच विचारलं नाही. विचारलं, “पोरी पाणी कुठून भरतात?” पाटील म्हणाले, “बारवेतून.” बाप पान खाऊन उठला. उत्तमरावांनी बाजारात चार माणसांत आमच्या गावची चाल करून दाखवली होती म्हणे. हुबेहूब.

पाटील परत आले ते मलाच बोलावणं धाडलं. “संतराम, त्या डागदरानं काय सांगितलं होतं रं? आजाराचं नको सांगू. भिंतीचं सांग.”

मी शालूचं म्हणणं सांगितलं. जलालुद्दीनचं म्हणून सांगितलं, नाहीतर पाटलांनी ऐकलं नसतं. फाल्गुनात गवंडी आला. पाण्याच्या वरच्या पायरीवर पुरुषभर उंच भिंत उठली आणि पलीकडं वरून रहाट बसला. वस्तीतल्या लोकांनी दगड वाहिले. रहाटाचा दोर मात्र त्यांच्या हातात कुणी दिला नाही. ते आपले झिऱ्यावर गेले.

माय आणि सगळ्या बाया भिंत बघायला खाली उतरल्या, मयतीला जावं तशा. पायऱ्या होत्या, पण त्या आता कुठं जात नव्हत्या. ग्यानबाच्या बायकोनं भिंतीला हात लावून बघितला आणि म्हणाली, “पाणी दिसत न्हाई वं.” थोडा वेळ सगळ्या उभ्या होत्या. मग माय शेवटच्या पायरीवर बसली, म्हणून बाकीच्या बसल्या.

महिन्यात चैत्र लागला आणि नारू निघाले. नेहमीसारखे. पाटलांना दोन.

गाव खवळलं. पहारी घेऊन लोक बारवेवर आले. मी सांगत होतो, “अहो, हा मागच्या सालच्या पाण्याचा नारू हाय. आज पिलेला पुढल्या साली निघतो. डागदर बोलला होता का न्हाई?”

“भाकर आज खाल्ली तं पोट आजच भरतं का न्हाई?” एक जण म्हणाला.

“भरतं.”

“मंग पाण्यानं काहून साल घ्यावं?”

नारूला विचारायला पाहिजे होतं. लोक लंगडत पायऱ्या उतरायला लागले. मी त्यांच्या मागं होतो आणि मला एवढंच दिसत होतं की शालू अजून एक साल लांब चालली. फक्त एक साल नव्हे. भिंत पडली तर चैत्र मोजायचं कारणच उरणार नव्हतं.

खाली बाया बसल्या होत्या. भिंतीला पाठ लावून, पाय लांब सोडून, ओळीनं.

“उठा,” पाटील म्हणाले.

“काहून?” माय म्हणाली.

“भिंत पाडायची हाय.”

“कोणती?”

“तुमी टेकल्यात ती.”

“ही व्हय?” मायनं मान मागं टेकवली. “पाटील, इतकी वर्सं आमी हितं पाठ वाकवून बसलो. आता कुठं टेका भेटला. दगूड कसा थंड लागतो ते एकदा बसून बघा. ही पाडायची तं पलीकडून पाण्यात उतरून पाडा, अन् पडताना आमच्या अंगावर पाडू नका.”

एकही बाई हलली नाही. एकीनं तर डोळे मिटून घेतले होते. ती मला वाटतं खरंच झोपली होती. पहारी घेतलेले गडी पायऱ्यांवर उभे राहिले. त्यांचे पाय दुखत होते. हळूहळू ते बसले. बसल्यावर पहारी खाली ठेवाव्या लागल्या.

तेवढ्या टेक्यावर भिंत टिकली आणि मी आणखी एक साल काचा विकत घेतल्या.

दुसरा चैत्र आला तेव्हा लढाई संपली होती. मायनं तुरीच्या काड्या तासून, तेल लावून सुपात ठेवल्या होत्या. पाडवा झाला. रामनवमी झाली. कुणी आलं नाही. माय उंबऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडं बघायची. “सुटला का?” ती सवयीनं विचारायची. लोक गोंधळायचे. ‘न्हाई’ म्हणावं तर डोकावतो आहे असं वाटायचं. ‘सुटला’ म्हणावं तर खोटं. काही जण नुसतेच हसून जायचे. काही जण गल्ली बदलायचे. गावात कुणी कुणाची विचारपूस करेनासं झालं. कशी करावी तेच कळेना. संध्याकाळी माय सूप आत नेऊन ठेवायची आणि म्हणायची, “बरंच झालं म्हणायचं.”

हनुमान जयंतीनंतर मी गोरेगावला सांगावा धाडला: चैत्र बिगरनारूचा आहे, बघून जा.

उत्तमराव गाडी घेऊन आले. गाडीवर कापडाची झापड होती आणि झापडीआड कुणीतरी होतं. मला वेशीवरूनच बांगड्या ऐकू आल्या. पण आधी तपासणी.

सगळं गाव लिंबाखाली जमलं. उत्तमराव म्हणाले, “पायाचं मंग बघू. आधी चालून दावा.”

पहिले पाटील चालले. लिंबापासून पारापर्यंत गेले आणि परत आले. लंगडत.

मी म्हणालो, “पाटील, तुमाला नारू न्हाई.”

“न्हाई तं.”

“मंग लंगडून काहून राहिले?”

पाटील थांबले. पायाकडं बघितलं. “चैत्र हाय ना,” ते म्हणाले.

मग कोतवाल चालला. लंगडत. ग्यानबा चालला, दोन्ही पायांनी. सगळं गाव एकामागं एक लिंबापासून पारापर्यंत लंगडत गेलं आणि लंगडत परत आलं. मी ओरडत होतो, “सरळ चाला! अरे, सरळ चाला!” त्यावर त्यांनी इतकी कोशिश केली की चाल आणखी बिघडली. एक जण सरळ चालायला गेला आणि पडला.

उत्तमरावांनी मग सगळ्यांचे पाय हातात घेऊन बघितले, खूर बघावे तसे. फोड नाही, टोक नाही, काडी नाही. जुने व्रण तेवढे होते. तरी ते मान हलवत होते.

“पाय खोटं सांगतो जावईबापू. चाल खोटं सांगत न्हाई. असा बैल मी माझ्या दावणीला बांधणार न्हाई.”

“मामा, तब्येत चांगली हाय त्यांची. नुसती सवय ऱ्हायली हाय.”

“मी बैल सवयीसकट घेतो.”

ते गाडीकडं वळले. जू उचलायला हात घातला. दोन सालांत मी जेवढं पाणी प्यालो होतो ते सगळं फुकट गेलं होतं.

तेवढ्यात झापड हलली आणि शालू खाली उतरली. बापाला विचारलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. पदर सावरून ती लिंबाखालून बारवेकडं निघाली.

दोन सालांत पहिल्यांदाच मी तिला दोन पावलांहून जास्त चालताना बघत होतो. उजवं पाऊल टेकलं की कंबर एका बाजूला जात होती. घोटा वळत नव्हता. ती लंगडत होती, सावकाश, आमच्या गावची हुबेहूब चाल, पण तिची सवयीची नव्हती.

उत्तमरावांच्या हातातलं जू तसंच राहिलं. घरात दारापासून ओट्यापर्यंत दोन पावलं, परसात चुलीपासून आडापर्यंत चार. पाय बरा झाल्यापासून त्यांनीही तिला इतकं लांब चालताना बघितलं नव्हतं. अख्ख्या बाजाराची चाल ओळखणारा माणूस आपल्या पोरीची चाल बघत उभा होता, ती बारवेच्या तोंडाशी पोचून दिसेनाशी होईपर्यंत.

खालून बायांचा एकदम गलका उठला. “अगं माय! शालू आली वं!” आणि त्यात माझ्या मायचा आवाज, जो इतका मोकळा मी दोन साल ऐकला नव्हता: “सरका गं, सरका. तिला टेकू द्या.”

उत्तमरावांनी जू खाली ठेवलं. बैलाच्या पाठीवर हात फिरवला. कुणाकडंही न बघता म्हणाले, “बैलं सोडा. ऊन लई हाय.”

ऊन खरंच होतं. मी पारावर बसून राहिलो. खाली जाता आलं असतं, पण तिथं बाया होत्या. त्यांचं बोलणं वर येत होतं, शब्द कळत नव्हते. मधूनच तिचं हसू ओळखू यायचं आणि पुन्हा इतरांत मिसळून जायचं. गावातले लोक आपापल्या घरी गेले. उत्तमराव गाडीखाली आडवे झाले.

ऊन कलल्यावर रहाट वाजला. थोड्या वेळानं शालू आली. हातात तांब्या. तिनं तो माझ्यापुढं ठेवला आणि या वेळी आत जायला दार नव्हतं म्हणून उभीच राहिली.

मला तहान नव्हती. मी तांब्या उचलला आणि पूर्ण प्यालो.

“अजून आणू?” तिनं विचारलं.

खाली बस म्हणायचं होतं. पारावर जागा होती, कुणी बघतही नव्हतं.

“आण,” मी म्हणालो.

ती तांब्या घेऊन वळली आणि रहाटाकडं चालायला लागली, सावकाश, आणि मी बघत बसलो.